आठवी-नववीच्या मुलांना शाळेत संगीत म्हणून नेमकं काय शिकवावं?

खांडेपारकाठ :
नमस्कार मंडळी. आमच्या फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात येत्या वर्षापासून आठवी-नववीला संगीत रीतसर विषय म्हणून सुरू होतोय, आठवड्याला दोन पिरियड. हेडसरांनी पालक-शिक्षक संघाकडून सूचना मागवल्यात आणि त्या गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय. पहिला कच्चा आराखडा हातात आला त्यात काय, तर दहा थाटांची (म्हणजे रागांच्या गटांची) नावं, नाद-श्रुती-स्वर-सप्तक यांच्या व्याख्या, चार गायकांची चरित्रं, भूप आणि यमन रागांचं एकेक लक्षणगीत आणि वर्षाअखेरीस लेखी पेपर. म्हणजे मूल वर्षभर वहीच भरणार.

माझं मत आधीच सांगून टाकते. दोन वर्षांनी मुलाला दिलेला सा धरून ठेवता यावा, ठेका ऐकून सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आली ते हाताने दाखवता यावं, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, वाड्यावरच्या आरतीत मागे भिंतीला टेकून उभं न राहता पुढे बसता यावं. एवढं झालं तरी मी म्हणेन विषय शिकवला. तुम्हाला काय वाटतं? शिक्षक, वाजवणारे, गाणारे, पालक सगळ्यांनी लिहा, यादी करून सभेत ठेवायची आहे.

पेटीवाला_डिचोली :
मी शिकवणारा माणूस, त्यामुळे थोडा उलटा बोलतो. व्याख्या म्हटल्या की सगळे नाकं मुरडतात पण मुलाला वादी-संवादी, आरोह-अवरोह, मात्रा, खंड हे शब्द माहीत नसतील तर वर्गात बोलायचं कशाने? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, पुढे विशारद, या पायऱ्यांवर कितीतरी पिढ्या शिकल्या. त्यातली पहिली पायरी शाळेने घेतली तर आयता अभ्यासक्रम मिळतो, सर्टिफिकेट मिळतं आणि पालकही खूश. नवीन चाक शोधायला कशाला जायचं.

आई_दोघांची :
पेटीवाला, तुमचं पटतं पण अर्धंच. आमच्या थोरलीने परीक्षा फर्स्ट क्लासमध्ये दिल्या, चवथीला घरच्यांनी म्हटलं चल तू आरती सुरू कर, तर ती म्हणते पेटी कुठाय. पेटीवर बोट ठेवल्याशिवाय तिला सा सापडत नाही. तिच्या आजीने कधी शाळेचं तोंड बघितलं नाही, ती सहज सूर उचलते आणि सगळं घर तिच्या मागून जातं. मग शिकली कोण?

काळी_पाच :
या धाग्यावर अजून कोणी बोललं नाही त्या गोष्टीवर बोलतो कारण तिच्यामुळे दर वर्षी निम्मा वर्ग हातचा जातो. आठवी-नववी म्हणजे मुलांचा आवाज फुटायचं वय. साधारण 12 ते 15 या वयात मुलाचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो आणि तो काही एका रात्रीत उतरत नाही, मध्ये बरेच महिने असे जातात की वरचे सूर गेलेत, खालचे नीट आलेले नाहीत, आणि हातात धड पाच-सहाच सूर आहेत. आता शाळेची प्रार्थना बघा. पेटी मुलींच्या सोयीने काळी चार नाहीतर काळी पाचला लावलेली (म्हणजे पेटीच्या चौथ्या नाहीतर पाचव्या काळ्या पट्टीला सा धरलेला, उंच), कारण पाचवीपासून तसंच चालत आलंय. त्या पट्टीत हा मुलगा पंचमाच्या वर जाऊच शकत नाही. दोन दिवस प्रयत्न करतो, आवाज चिरकतो, पुढच्या रांगेतल्या मुली हसतात, तिसऱ्या दिवसापासून नुसते ओठ हलवतो. आणि मनात धरून बसतो की मी बेसूर. पुढे चाळीस वर्षं हा माणूस कुठल्याच आरतीत तोंड उघडत नाही. आपल्यातल्या किती पुरुषांची गोष्ट ही आहे ते आजूबाजूला विचारून बघा.

म्हणून अभ्यासक्रमात पहिल्या पानावर हे यायला हवं की आवाज बदलतो म्हणजे काय होतं, मुलांनाच समजावून सांगा, मुलींनाही (त्यांचाही थोडा बदलतो, या वयात हवा जास्त लागते आवाजाला). गाणं दोन पट्ट्यांत घ्या. ज्यांचा फुटतोय त्यांना पांढरी एक किंवा काळी एकच्या आसपास, पाच सुरांत मावणारं काहीतरी द्या, नाहीतर षड्ज-पंचम (सा आणि प) धरून ठेवायला सांगा, बाकीचे त्यावर गातील. आणि त्या वर्षी गाण्याची तोंडी परीक्षा एकेकट्याला उभं करून घेऊ नका, हात जोडतो.

निळी_छत्री :
काळी पाच या नावाच्या माणसानेच काळी पाचविरुद्ध एवढं लिहावं :) पण शंभर टक्के खरं. माझा भाचा नेमका असाच गप्प झालाय.

खांडेपारकाठ :
काळी_पाच, हे मी जसंच्या तसं उचलतेय. आमच्या शाळेतली प्रार्थना कुठल्या पट्टीत आहे ते उद्याच जाऊन बघते.

ठेका_सांखळी :
आता माझा मुद्दा. गोव्यातल्या शाळेत संगीत शिकवायचं आणि घुमट नाही, असं कसं चालेल? 2019 साली सरकारने घुमट हे राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, आणि किती शाळांच्या कपाटात ते आहे? मी बघतो तिथे सिंथेसायझर असतो, त्यावर धूळ असते.

ज्यांनी जवळून बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवलेलं, मागचं लहान तोंड उघडं. गळ्यात अडकवतात नाहीतर मांडीवर घेतात, उजव्या हाताने चामड्यावर बोल काढायचे आणि डाव्या पंजाने मागचं तोंड झाकायचं-सोडायचं. तो डावा हातच सगळी मजा आहे, झाकला की आवाज दबतो, सोडला की घुमतो, अर्धवट सोडला तर मधला कुठला तरी आवाज येतो. आठवीच्या पोराला पहिल्याच तासाला यातून काहीतरी आवाज काढता येतो. तबल्यावर पहिला धड 'ना' निघेपर्यंत महिने जातात, पोर कंटाळून जातं.

सोबत शामेळ (छोटा ढोल) दोन काठ्यांनी, आणि कासाळें (झांजा). तिन्ही मिळून सुवारी (या वाद्यांचं एकत्र वादन) सुरू झाली की वर्गातली पंधरा मुलं एकाच वेळी कामाला लागतात, कोणी प्रेक्षक राहत नाही. लय वाढत जाते, एकाने घाई केली की सगळ्यांना कळतं, कोणी सांगावं लागत नाही. दुसऱ्याचं ऐकून आपलं वाजवणं हे व्याख्येने शिकवता येईल का कोणाला?

आणि एक. घुमट आरतीला लागतं, शिगम्याला लागतं तसंच मांडोलाही (ख्रिस्ती घरांतलं कोंकणी गाणं) लागतं. वर्गातली सगळी मुलं, देवळातली असोत की चर्चमधली, ज्यावर हक्क सांगू शकतात असं हे वाद्य आहे.

मये_परत :
घुमटाला घोरपडीचं कातडं लागतं ना? ते आता बेकायदा आहे. शाळेत आणून फॉरेस्टवाले दारात आले तर?

ठेका_सांखळी :
1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपड संरक्षित आहे, बरोबर. म्हणूनच आता बकऱ्याचं चामडं लावतात. जुने वाजवणारे म्हणतात तो नाद येत नाही, थोडा फरक आहे हे मीही मान्य करतो, पण शिकायला काही अडत नाही. उलट हा वर्गातच घ्यायचा विषय आहे, वाद्य कशाचं बनतं, जनावर का वाचवायचं, कातडं बदललं की आवाज का बदलतो. मुलांना हे सगळं कळायला हवं.

आई_दोघांची :
आणि मुलींना पण द्या हां वाजवायला. आमच्या लहानपणी घुमटाला हात लावला की आजोबा डोळे वटारायचे, तुम्ही फुगडी घाला म्हणायचे. आता बायकांची घुमट पथकं आहेत. शाळेत तरी वाटणी नको की मुली गाणार आणि मुलगे वाजवणार.

ठेका_सांखळी :
शंभरदा मान्य.

माडांखाली_मडगाव :
मी सासष्टीत वाढले, कॉयरमध्ये गायले, व्हायोलिनवर काही ग्रेड दिल्या. इथे सगळं हिंदुस्थानीच चाललंय म्हणून लिहिते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मेस्त (संगीताचे मास्तर) मुलांना सोलफेज (डो-रे-मी म्हणत सूर गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचे, स्वरलिपी बघून गायला लावायचे, आणि त्यातूनच मुंबईच्या फिल्म स्टुडिओंतले कितीतरी वादक आणि अरेंजर तयार झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, त्यांनी तर 1958 मध्ये मुंबईत ऑर्केस्ट्रा उभा करून आपले राग त्यात बसवले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलालजी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. हे गोव्याच्या मुलाला शाळेत कळू नये?

माझी सूचना एवढीच की मुलांना दोन आवाजांत गायला शिकवा. एक गट एक ओळ धरतो, दुसरा दुसरी, आणि दोन्ही मिळून जे होतं ते ऐकायचं. काळी_पाच यांनी षड्ज-पंचम धरून ठेवायचं म्हटलं ती याचीच सुरुवात आहे. आणि स्टाफवरची पाच रेषांची लिपी निदान ओळखण्यापुरती. सा-रे-ग अक्षरांची भातखंडे लिपीही शिकवा, दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या की मूल आपणच विचारतं की मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) इकडे कशी लिहायची आणि तिकडे कशी.

पेटीवाला_डिचोली :
मॅडम, पस्तीस मिनिटांच्या दोन पिरियडांत दोन लिप्या, दोन पद्धती, घुमट, कॉयर... मुलं जेवणार कधी?

माडांखाली_मडगाव :
म्हणूनच थाट काढा म्हणते :)

पेटीवाला_डिचोली :
थाटाला एवढं धारेवर धरलंय तर एक गोष्ट सांगतो, वर्गात दर वेळी चालते. पेटीच्या फक्त काळ्या पट्ट्या घ्या, पांढरीला हात लावायचा नाही. पाच काळ्या, पाच सूर. काळी तीनला सा धरून वर जा, भूप झाला. तेच पाच सूर, आता काळी एकला सा धरा, दुर्गा. काळी दोनपासून धानी. काळी चारपासून मेघाचे सूर. काळी पाचपासून मालकंस. एकही पट्टी बदलली नाही, फक्त घर कुठलं ते बदललं आणि मुलांचे चेहरे बघायचे तेव्हा. कोणाला वाटतं मी काहीतरी जादू केली. मग त्यांनाच सांगायचं, डोळे मिटा, मी सा वाजवतो आणि मग सूर फिरवतो, कुठला आहे ओळखा. भूप आणि दुर्गात गांधार (ग) जाऊन मध्यम (म) येतो एवढाच फरक, तो कानाने पकडला की पुढचं सगळं सोपं.

बघा, हीही थिअरीच आहे. थिअरीला विरोध करू नका, वहीतल्या थिअरीला करा.

खांडेपारकाठ :
पेटीवाला, आता कसं! हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत :)

गुंज_केपे :
काळ्या पट्ट्यांचा खेळ छान, पण मुलांना जाताना हेही सांगा की सुरांची यादी म्हणजे राग नव्हे. भूप आणि देशकार यांचे सूर तेच, पण एक गांधारावर बसतो, दुसरा धैवतावर (ध), चाल वेगळी, वेळही वेगळी. मालकंसाचे सूर पेटीवर वाजले म्हणजे मालकंस झाला असं डोक्यात बसलं तर नंतर काढायला जड जातं. त्यासाठी ऐकवा, दर आठवड्याला दहा मिनिटं, गप्प बसून, काही न लिहिता. एवढी एक गोष्ट केली तरी मी शाळेला मानेन.

आणि चरित्रं काढू नका हो, फक्त पाठ करून घेऊ नका. खांडेपारकाठ तुम्ही फोंड्याच्या, तुमच्या तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचा आवाज म्हणून ज्या तबकड्या पाठवल्या त्यात त्यांची भैरवी आहे. ती रेकॉर्ड साडेतीन मिनिटांची आहे, वर्गात लावा आणि मग जन्मसाल सांगा. गायिका मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, ते गाव साळावलीच्या धरणात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. सांगे-केप्यातल्या मुलांना तिथे नेऊन एक रेकॉर्ड ऐकवता येईल. दीनानाथ मंगेशकर आणि अभिषेकीबुवा दोघेही मंगेशीचे, म्हणजे तुमच्या शाळेपासून बसने जाण्याइतक्या अंतरावर. एवढं जवळ असताना मुलं चरित्र म्हणून चार ओळी पाठ करतात याचं मला फार वाईट वाटतं.

लंबक :
मी विज्ञान शिकवतो. नववीला ध्वनीचा धडा असतोच, संगीताच्या शिक्षकांनी आणि आम्ही तो मिळून का घेऊ नये? सा 240 हर्ट्झ धरला तर तार सा 480, पंचम 360. तार निम्मी केली की तार षड्ज, दोन-तृतीयांश ठेवली की पंचम, फळीवर एक तार ताणून मुलं स्वतः मोजतात. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गांधार 300 ला येतो, पेटीचा सुमारे 302 ला. फरक बारीक वाटतो पण दोन्ही एकत्र धरून ठेवले की आवाज थरथरतो, मागच्या बाकावरच्या मुलालाही ऐकू येतो. पेटीवर आयुष्य काढलेल्या गवयांची तक्रार काय असते ते त्या एका थरथरीत कळतं.

दुसरं, कानांची काळजी हा धडा हवाच. कामाच्या ठिकाणी 85 डेसिबल आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, 100 ला पाव तास. आता दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे जाळतात तेव्हा स्पीकरच्या त्या बॉक्ससमोर मुलं किती वेळ नाचतात ते तुम्हीच हिशेब करा. आतल्या कानातल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

निळी_छत्री :
नरकासुराचा विषय काढलात! आमच्या नाक्यावर दहानंतर बंद करायचं म्हणून कायदा आहे, पहाटेपर्यंत खिडक्या वाजतात. आमच्या वेळी नरकासुराबरोबर पत्र्याचे डबे वाजवायचो, गावभर फिरायचो, तेवढ्यात रात्र सरायची.

मये_परत :
पोरं ऐकत नाहीत बाबा. त्यांना सांगायला गेलं की काका तुम्ही म्हातारे झालात म्हणतात.

लंबक :
म्हणून उपदेश करायचा नाही, मोजायला द्यायचं. मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप असतं, अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो. मुलांनीच वर्ग, देऊळ, बसस्टँड, घुमट आरती असं सगळीकडे मोजून तक्ता करावा. घुमट-कासाळें बंद खोलीत वाजली तर तीही कमी नाहीत, ठेका_सांखळी रागावू नका.

ठेका_सांखळी :
रागावत नाही, म्हणूनच अंगणात वाजवतात :)

सत्तरीची_वाट :
मी उशिरा आले, सगळं वाचलं. एक राहिलं. धालो, फुगड्या, रणमाले हे (गावातले गाणी-नाच-नाट्य) शिकवायला शाळेला वेगळा मास्तर लागत नाही, ते घरात आहे. मुलाने सुट्टीत आजीकडून नाहीतर शेजारच्या बायकांकडून एक गीत घ्यावं, मोबाइलवर रेकॉर्ड करावं (आधी विचारून), शब्द उतरवावेत, कधी गातात, कोण सुरू करतं, झेलणारी (ओळ परत म्हणणारी) रांग कशी उभी असते ते लिहावं, आणि मग स्वतः गाऊन दाखवावं. माझ्या सासूबाईंना धालोची किती गाणी येतात ते नात विचारायला बसली तेव्हा आम्हाला कळलं. त्या मधल्या ओळी विसरल्या होत्या, मग त्यांनी शेजारणीला हाक मारली, ती आली, दोघींनी मिळून पूर्ण केलं, आणि संध्याकाळचा स्वयंपाक त्या दिवशी नातीनेच केला कारण आज्या उठायलाच तयार नव्हत्या.

आई_दोघांची :
किती छान. हा प्रोजेक्ट म्हणून घ्याच.

पेटीवाला_डिचोली :
सगळं गोड आहे पण मार्क कसे देणार ते कोणी सांगाल का? शाळेत ज्याला मार्क नाहीत त्याचा पिरियड गणिताचे सर मागून घेतात, डिसेंबरनंतर तर हमखास.

काळी_पाच :
मार्क द्या पण वाढ बघून द्या. जूनमध्ये मुलाला एक ओळ ऐकवून परत म्हणायला लावा, रेकॉर्ड करून ठेवा. मार्चमध्ये तीच ओळ परत. किती सुधारलं त्याला मार्क, किती गोड गळा आहे त्याला नाही. गळा देवाचा, त्याला शाळेने कशाला मार्क द्यायचे. लयीसाठी त्रितालाची टाळी-खाली, 16 मात्रा हातावर, मग दुप्पट लयीत. तीही गटाने.

खांडेपारकाठ :
मंडळी, देव बरें करूं (आभार). आज शाळेत जाऊन आले. प्रार्थना काळी चारमध्ये आहे, संगीत शिक्षकांशी बोलले, ते म्हणाले कोणी विचारलंच नाही कधी, सोमवारपासून नववी-दहावीचे मुलगे खालच्या पट्टीत वेगळे घेऊन बघतो.

मूळ प्रश्नावर येते. सभेत मी असं मांडणार आहे : आठवीचं पहिलं सत्र नुसतं कान आणि आवाज, सा धरणं, काळ्या पट्ट्यांचा खेळ, आवाज का फुटतो ते. चवथीच्या आधीचे पिरियड घुमट, शामेळ, कासाळें, सगळ्यांना सगळं. दर आठवड्याला दहा मिनिटं श्रवण, त्यात केसरबाई-मोगूबाईंपासून मांडोपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत घरातलं एक गीत गोळा करणं. नववीत दोन आवाजांत गाणं, दोन्ही लिप्यांची तोंडओळख, विज्ञानाबरोबर ध्वनीचा धडा आणि कानांची काळजी. लेखी पेपर नाही. मध्यमापर्यंत जायची ज्यांची इच्छा आहे त्यांच्यासाठी शाळेनंतर वेगळा वर्ग.

पेटीवाला_डिचोली :
लेखी 20 मार्कांचा तरी ठेवा. अजिबातच लेखी नाही म्हटलं की सभेत पहिला आक्षेप त्याच्यावर येईल आणि बाकीचं सगळं चांगलं त्यात बुडेल. त्यात थाट विचारू नका, मुलांनी ऐकलेल्या दोन गाण्यांवर लिहायला सांगा, ताल लिपीत लिहायला सांगा. मी पेपर काढून देतो.

खांडेपारकाठ :
10 ला तयार आहे.

पेटीवाला_डिचोली :
15.

गुंज_केपे :
बाजार भरला इथे :) पण 15 द्या त्यांना, ऐकलेल्यावर लिहिणं चांगलंच आहे.

ठेका_सांखळी :
मार्कांचं तुम्ही ठरवा, मी कामाचं सांगतो. घुमटं हवी असतील तर सभेची वाट बघू नका, मे महिना संपायच्या आत डिचोलीकडच्या कुंभाराला सांगून ठेवा. एकदा पाऊस लागला की माती वाळत नाही आणि चवथ जवळ आली की सगळ्या गोव्याला एकदमच घुमट हवं असतं. वर्गाला दहा घेतलीत तर बारा सांगा, पोरांच्या हातून दोन फुटणारच. चामडं बसवायचं मुलांसमोर करा, ओलं चामडं ताणून दोरीने कसं आवळतात ते त्यांनी बघायला हवं, मी येऊन करून दाखवीन.